दौलतभाऊंचा राखाडी

आमच्या ह्यांच्या पाठीवर मी एकदा, भर एप्रिल महिन्यात, मरून रंगाची दुसरी पाठ छापली होती. दौलतभाऊंची आणि माझी ओळख त्या पाठीमुळे झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी. माझी फजिती वगळून त्यांच्याबद्दल लिहून पाहिलं, जमत नाही. कागदावर नुसता एक भला माणूस उरतो, आणि दौलतभाऊ नुसते भले कधीच नव्हते.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. चंद्रपूरच्या एका शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवत होते. बांधणीत माझा हात धरणारं कोणी नाही, असं एकमत होतं. म्हणजे माझं एकटीचं मत होतं. शेजारणींच्या विटक्या साड्या, शाळेचे पडदे, कोणाच्या तरी सासऱ्याची पिवळी पडलेली धोतरं, जे हाती लागेल ते मी रंगाच्या पातेल्यात बुडवलं होतं. त्याच वर्षी मी गाडी चालवायला शिकले आणि बदली होऊन निघालेल्या खाणीतल्या एका साहेबांची जुनी पांढरी गाडी आम्ही घेतली. बाहेरून ठीकच होती. आतला रंग बिस्किटी आहे, असं साहेब म्हणाले. असेलही. पण वर्षानुवर्षं कोळशाच्या धुळीत फिरून त्याची अशी दशा झाली होती, की चहात बुडवून विसरलेलं बिस्कीट तिसऱ्या दिवशी कपाच्या तळाशी सापडावं.

नवी कव्हरं शिवून घे, असं कोणीही सांगितलं असतं. मी कोणाला विचारलंच नाही. बाजारातून कापडाच्या मरून रंगाच्या पुड्या आणल्या, मोठ्या पितळी गंजात पाणी उकळलं, रंग पक्का बसावा म्हणून मूठभर मीठ टाकलं, आणि दोन रविवार ब्रशने तो रंग सगळ्या सीटांना पाजला. डॅशबोर्डला बुटाचं काळं पॉलिश. संध्याकाळी गाडी अशी काही झळकत होती, की मी शेजारणींना बोलावून दाखवली. "आतून अगदी बँडवाल्याचा कोट," एकजण म्हणाली. मी ते कौतुक समजले.

पुढच्या आठवड्यात राजुऱ्याला ह्यांच्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. हे पाटबंधारे खात्यातले, कडक इस्त्रीचे. ठेवणीतला पांढरा शर्ट घालून ऐटीत माझ्या शेजारी बसले. चंद्रपूरचा एप्रिल, वर घाम. राजुऱ्याला उतरले तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत मरून, आणि डॅशबोर्डला टेकवलेले दोन्ही पंजे काळेभोर. मांडवाच्या दारात एका म्हातारीने किंकाळी मारली आणि हळद आणायला आत धावली. "अवो रगत नाई ते, रंग आहे, रंग!" हे ओरडत राहिले. पुढे साखरपुडाभर हा माणूस भिंतीला पाठ लावून उभा. कोणाच्या पाया पडला नाही, कारण वाकलं की पाठ दिसली असती. माझी पाठ कोणालाच दिसली नाही. मी मरून साडी नेसले होते. गाडीला मॅचिंग म्हणून.

परत येताना हे एकच वाक्य बोलले. "एक तर ही गाडी विक, नाई तर मले."

ह्यांना विकायची माझी फारशी तयारी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मूल रोडवरच्या दौलतभाऊंकडे गेले. गाड्यांच्या आतल्या रंगाचं काम करणारा असा एक माणूस आहे, एवढं ऐकून होते. पत्र्याची शेड, पुढे हिरवी जाळी, आत एक कंप्रेसर आणि खिळ्याला लटकलेली स्प्रे गन. माझ्याच वयाचा उंच, काटकुळा माणूस. दहा नखांत दहा रंग. त्यांनी दार उघडून आधी पाहिलं नाही, वास घेतला. मग सीटवर बोट घासलं आणि ते जिभेच्या टोकाला लावलं.

"मीठ टाकलं का, बाई?"

"हो. रंग पक्का बसायला."

"चवीपुरतं?"

मला राग आला. मी शिक्षिका आहे, असं जरा मोठ्याने सांगितलं. काय शिकवता, त्यांनी विचारलं. कार्यानुभव, मी म्हटलं. त्यांनी फार आदराने मान हलवली.

"मंग बरोबर आहे. अनुभव तुमाले आला, आता कार्य मी करतो."

मग त्यांनी मला समजावलं, आणि तीस वर्षं दुसऱ्यांना समजावणारी मी पहिल्यांदा गप्प राहून ऐकलं. "कापड रंग पिते, बाई. रेक्झिन पीत नाई, त्याले तोंडच नाई. त्याच्यावर पातळ पातळ थर बसवा लागते. अन् थर बसवाच्या आधी त्याचं आंग असं साफ पायजे, का बोट फिरवलं तं चरचर वाजलं पायजे."

हे सांगून त्यांनी माझ्या हातात रिठ्याच्या पाण्याची बादली आणि दात घासायचा जुना ब्रश दिला. "पयली बाल्टी मालकाची," ते म्हणाले. हा त्यांचा नियम होता, सगळ्यांना. पहिली घासणी मालकाने स्वतः करायची. डॉक्टर असो, वकील असो. एकदा एका बड्या कंत्राटदाराने, "माणूस पाठवतो घासाले," असं म्हटलं, तेव्हा दौलतभाऊंनी शांतपणे विचारलं होतं, "मंग गाडीबी त्याच्याच नावानं करून देता का?" कंत्राटदार बाह्या सरसावून बसला आणि घासून गेला.

मी तीन दिवस घासलं. शाळा सुटली की मूल रोड. शिवणी-शिवणीतून मरून पाणी निघत होतं आणि पलीकडे दौलतभाऊ दुसऱ्या गाडीच्या काचांना कागद चिकटवत माझ्याकडे न बघता बोलत होते. "रंग लावाले एक दिवस लागते, बाई. बाकीचे दिवस कोनाची तरी हुशारी काढाले लागतात."

बादलीतलं पहिलं घाण पाणी पाहून ते गाडीचा गाव सांगायचे. काळं पाणी, खाली बारीक चमक: राजुऱ्याचं. पांढुरकं, बोटाला पिठासारखं लागणारं: कोरपन्याचं, सिमेंटचं. तांबूस आणि त्याला गोडसर वास: गडचिरोलीकडचं, सीटखाली मोहफुलं सांडलेली. मी एकदा खोडी काढायला आमच्या गाडीच्या पाण्यात मुद्दाम बागेतली लाल माती कालवली. त्यांनी बादली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "ह्या गाडीच्या मालकिणीले घरी काम कमी आहे," ते म्हणाले.

मला आत पुन्हा बिस्किटी रंग हवा होता. त्यांनी साफ नकार दिला. "चंद्रपुरात राहून कोळशाशी भांडू नोका. थो रोज येनार. त्याच्याच घरचा रंग घ्या." तो घरचा रंग म्हणजे त्यांचा राखाडी. त्याच्यासाठी लोक ब्रह्मपुरीहून आणि सिरोंच्याहून गाड्या घेऊन यायचे. सकाळी चुलीत हात घातला तर जी राख अजून कोमट लागते, तिचा रंग. पांढरा, काळा, थोडा पिवळा, आणि निळा फक्त आगकाडीच्या टोकावर मावेल एवढा. "निळा जास्त झाला तं राख थंडी पडते." नमुना म्हणून कागद नाही, पट्टी नाही. दार उघडं ठेवून उन्हात उभं राहायचं, डोळे मिटायचे, उघडायचे आणि कालवायला लागायचं. दौलतभाऊंजवळ शेत नव्हतं, मोठं घर नव्हतं. ती एक नजर होती. तिच्यावर संसार झाला, दोन मुली शिकल्या, आणि तिच्यामुळेच भर बाजारात लोक त्यांना आधी नमस्कार करायचे.

रंग वाळला की परीक्षा. दुपारी गाडी उन्हात, काचा बंद. दौलतभाऊ आत जाऊन कपडे बदलून यायचे: पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जायचे तेच. त्या भट्टीत पाव तास बसायचे, दोन्ही हात डॅशबोर्डवर, पाठ सीटला घट्ट. मग घामाने निथळत उतरायचे आणि मालकाकडे पाठ करून उभे राहायचे. "पाहा." पाठ पांढरी असेल तरच गाडी बाहेर.

ते ठेवणीतले कपडे असे घामात का घालता, मी विचारलं.

"माह्या बापानं छप्पन साली पांढरं आंगावर घेतलं. त्याच्यावर डाग पाडंल असं काम मी नाई करत. अन् पडते का नाई, हे कळाले घालूनच पाहा लागते ना."

मी त्या दिवशी त्यांच्या कोऱ्या पाठीकडे बघत उभी होते आणि मला आमच्या ह्यांची पाठ आठवत होती. हसू येत होतं आणि येतही नव्हतं.

धानोऱ्याच्याही पलीकडच्या जंगलातल्या एका गोंड गावाची जीप एकदा त्यांच्याकडे आली होती. गावाने मिळून घेतलेली. दोन म्हातारे सोबत आले, "जोहार" करून शेडबाहेर बसून राहिले. डॅशबोर्डच्या मधोमध मोरपिसांची जुडी बांधलेली होती. दौलतभाऊ काही विचारत नाहीत आणि कामही सुरू करत नाहीत, असा तासभर गेला. शेवटी एक म्हातारा उठला, जुडीपाशी त्याच्या भाषेत काही पुटपुटला, ती सोडून मांडीवर घेतली आणि परत येऊन बसला. तेव्हा दौलतभाऊंनी गन हातात घेतली. मी म्हटलं, "एवढा वेळ घालवला! काढा म्हणून सांगायचं ना."

"तुमच्या घरी येऊन कोनं म्हटलं, देव उचला, मले पुसाचं आहे, तं?"

पुढच्या वर्षी त्या म्हाताऱ्यांनी आणलेली चारोळी त्यांनी अर्धी मला दिली. तासभर मध्ये मध्ये न बोलल्याचं बक्षीस म्हणून, असं स्वतःच सांगितलं.

मी निवृत्त झाल्यावर माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं. सकाळी भाजी घेतली की शेडमध्ये तासभर बसायचं, हा माझा नेमच झाला. आमचे हे म्हणायचे, "पेन्शन इकडे, हजेरी तिकडे." रंग कालवून झाला की दौलतभाऊ मला हाक मारायचे, "बाई, पाहा बरं." मी पाहायची आणि म्हणायची, "बरोबर." ते बरोबरच असायचं. माझ्या होकाराची त्यांना गरज नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला पानाचा डबा पुढे करावा, तसं ते विचारायचे.

मग एका वर्षी त्यांचे पांढरे कपडे निळे व्हायला लागले.

प्रथम कोणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांच्या पत्नी इंदूबाई माझ्याजवळ कुरकुरल्या. "मी धुतलं का म्हंते, पिवळं राह्यलं. आता सोताच नीळ टाकते. महिन्याची बाटली आठ दिवसांत संपून राह्यली, बाई." दौलतभाऊंना शर्ट पिवळा दिसत होता. तो पांढरा दिसेपर्यंत ते नीळ टाकत होते. त्यांच्या दृष्टीने ते पांढरेशुभ्र फिरत होते, आणि अख्खा मूल रोड एका आभाळी रंगाच्या माणसाला नमस्कार करत होता.

त्याच सुमारास एक दिवस त्यांनी हाक मारली. "बाई, पाहा बरं." मी पाहिलं. नव्याने रंगवलेलं दार आणि शेजारची जुनी सीट यांत फरक होता. दार निळसर होतं. राख थंडी पडली होती.

"बरोबर," मी म्हटलं.

का म्हटलं? मी स्वतःला सांगितलं, एकच दार आहे. एवढ्या वर्षांचा माणूस, त्याला कशाला दुखवा. स्वतःच्या दयाळूपणावर मी खूशसुद्धा झाले. घरी जाऊन शिरा केला. त्यानंतर दुसरी गाडी आली, तिसरी आली, आणि मी बरोबर, बरोबर म्हणत गेले. गिऱ्हाइकांना दिसत नसेल का? दिसत असणार. पण दौलतभाऊंनी "राखाडी" म्हणून दिलेल्याला निळा म्हणायचं कोणी? ज्यांना फारच दिसलं ते पुढच्या वेळी दुसरीकडे गेले. दौलतभाऊंना वाटलं, गाड्याच कमी झाल्या असतील. याच काळात आमच्या गाडीचं चालकाकडचं दार खरवडलं म्हणून त्यांनी पुन्हा रंगवून दिलं. माझी एक गाडी, एका बाजूने राख आणि एका बाजूने आभाळ. मी रोज ते दार उघडून त्यांच्याकडे जायची आणि बरोबर म्हणून परत यायची. असं दोन वर्षं.

शेवटी एक दिवस ते परीक्षेला गाडीत बसले, उतरले, पाठ दाखवून म्हणाले, "पाहा." गिऱ्हाईक तरुण होता, नागपूरहून नुकता आलेला. तो भाबडेपणाने म्हणाला, "पण काका, तुम्ही पांढरे कपडे घालून बसणार होतात ना?"

दौलतभाऊ हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मी मात्र दुसऱ्या दिवशी माझे डोळे तपासायचे आहेत, मला एकटीला भीती वाटते, असं रडवेलं तोंड करून त्यांना सोबत घेऊन गेले. माझी तपासणी झाल्यावर डॉक्टरांना डोळ्यानेच खूण केली. दौलतभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. "तुमी मले फसवून आणलं," ते म्हणाले, पण गमतीने. खरी फसवणूक त्यांना अजून माहीत नव्हती.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांना दोरीवरचे स्वतःचे कपडे दिसले. इंदूबाई सांगत होत्या, ते इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. आणि मग एकदम त्यांना रंगवलेल्या गाड्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या फाटकात उभे होते. घरात आले नाहीत. सरळ गाडीपाशी गेले, दार उघडलं. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सीटकडे.

"बाई, हे तुमाले दिसत होतं?"

"थोडं."

"थोडं, का पुरं?"

"पुरं," मी म्हटलं.

ते गाडीच्या उंबऱ्यावर, पाय बाहेर टाकून बसले. "शाळेत पोराचं उत्तर चुकलं, तं तुमी बरोबरची खूण करून देत होत्या?"

"नाही."

"मंग मलेच काऊन?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, भाऊ."

"वाटलं असतं ना! एक दिवस वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी डोळे दाखवाले गेलो असतो. तुमी मले दोन वर्सं येडा बनू देल्लं, अन् थेबी लाडानं. आता अख्ख्या जिल्ह्यात माहं चुकलेलं फिरून राह्यलं."

सासष्ट वर्षांच्या बाईला कान धरून वर्गाबाहेर उभं केल्यासारखी मी तिथे उभी होते. आमचे हे चहाचा कप घेऊन बाहेर आले, आमची तोंडं पाहिली आणि कप घेऊन परत आत गेले. तेवढी समज त्यांना होती, मला नव्हती.

शेडची जाळी आठ दिवस उघडली नाही. नवव्या दिवशी इंदूबाई आल्या. "कंप्रेसर विकाले काढला त्यायनं. म्हंतात, मी आता कोनाले पाहा म्हणू? डोळे आले, पर भरोसा गेला."

मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "मी बरोबर म्हटलेल्या सगळ्या गाड्या मला आठवतात. आपण जाऊ. एकेकाला शोधू."

"आठवतात? दोन वर्सांच्या?"

"खोटं बोललेलं सगळं आठवतं, भाऊ. खरं बोललेलं विसरायला होतं."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "चाला मंग. गाडी तुमीच चालवा. त्या निळ्या दारापाशी तुमीच बसा."

अशा आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुढे मी आणि दौलतभाऊ, मागे आमचे हे. पांढरा शर्ट घरी ठेवून. कोरपन्याला गेलो, राजुऱ्याला गेलो, गडचिरोलीला तर तीनदा. प्रत्येक ठिकाणी दौलतभाऊ दार उघडायला लावायचे आणि मालकासमोर म्हणायचे, "राखाडी सांगून मी तुमाले निळा देल्ला. माहे डोळे खराब होते. बदलून देतो." मग माझ्याकडे बोट दाखवायचे. "अन् ह्या बाईचे चांगले होते." प्रत्येक ठिकाणी. एकदाही विसरले नाहीत. काही लोक गाड्या घेऊन आले, काही "राहू द्या हो" म्हणाले. एकाने तर कबूल केलं की त्यालाही दिसलं होतं, पण बाई शिकलेल्या, त्या बरोबर म्हणतात म्हटल्यावर तो गप्प बसला. त्या रात्री मी जेवले नाही. हे म्हणाले, "भिंतीले पाठ लावून उभी राह्य आता."

एक गाडी सापडता सापडेना. गडचिरोलीतल्या एका नर्सची होती. शेजारी म्हणाले, घरातले सगळे मार्कंड्याच्या जत्रेला गेले. दौलतभाऊ म्हणाले, मग आपणही जाऊ. वैनगंगेच्या काठी ही गर्दी, धूळ, पाळणे, आणि मैदानभर गाड्याच गाड्या. दौलतभाऊ एका टोकापासून सुरू झाले. प्रत्येक गाडीच्या काचेला दोन्ही हातांची ओंजळ लावायची, आत डोकवायचं, पुढे जायचं. सातव्या-आठव्या गाडीपाशी एका पोलिसाने त्यांचं मनगट धरलं.

"काय पाहून राह्यले, काका?"

"माही चूक पाहून राह्यलो."

पोलिसाला वाटलं, म्हातारा प्यालेला आहे. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, मीठ आणि नीळ धरून. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला काय पटलं कोण जाणे, पण तोही आमच्याबरोबर काचांतून डोकावू लागला. गाडी त्यानेच शोधली. नर्सबाई प्रसादाचा नारळ हातात घेऊन आल्या. दौलतभाऊंनी आपलं वाक्य म्हटलं. नर्सबाईंनी दार उघडून आत पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

"बदलू नोका, काका," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीले हा निळा भल्ला आवडते."

दौलतभाऊ जरा गडबडले. हे त्यांनी धरलंच नव्हतं. "आवडते तं राहू द्या," ते म्हणाले. "पर पोरीले सांगजा, हा निळा आहे म्हणून. राखाडी म्हणून नोका सांगू. शाळेत चुकंल तिचं."

परतीच्या वाटेवर ते माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलले. कंप्रेसर विकत नाही म्हणाले. आणि म्हणाले, "उद्यापासून या. पर नुसतं बसाले नाई."

तेव्हापासून त्यांचा "पाहा बरं" बदलला. आधी तो पानाचा डबा होता. आता मला घाम फुटायचा. मी दार उघडं करून, उन्हात घेऊन, लांबून, जवळून पाहायची. माझं वय वाढत होतं आणि त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा खरं बघायला शिकत होते. माझ्या हाताखालून किती मुलींच्या चित्रवह्या गेल्या, आणि किती जणींना मी नुसतंच "छान" लिहिलं असेल! आता माझी नात चित्र दाखवते तेव्हा मी सांगते, हत्तीचा पाय चुकला. ती रुसते. मग पुसते आणि पुन्हा काढते. ह्याचं देणं मूल रोडवर लागतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चमध्ये. आम्ही मुलाकडे नागपूरला निघालो होतो, स्टँडवर जायला ऑटो केला होता. पाच मिनिटं म्हणून मी शेडपाशी थांबवला. दौलतभाऊ थकले होते, पण काम चालू होतं. कोणाच्या तरी गाडीच्या दारावर हातभर तुकडा रंगवलेला होता.

"बाई, पाहा बरं."

मी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, हे "चल ना वो" म्हणत होते, आणि दौलतभाऊ इतके दमलेले दिसत होते.

"नाही, भाऊ. काळा जास्त झाला."

"काहीच्या काही! तुमाले आता मोत्या झाला असंल."

"झाला असेल. पण काळा जास्तच आहे."

"सावली आहे थे."

"सावली नाही."

ते चिडले. नमस्कारही न करता पाठ फिरवून आत गेले. मी ऑटोत बसले. हे म्हणाले, "जाता जाता कायले म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं?" ऑटो वळताना मी मागे पाहिलं, तर दौलतभाऊ फडकं घेऊन बाहेर आले होते. दार त्यांनी पूर्ण उघडून उन्हात धरलं, वाकून डोळे मिटले, उघडले, आणि तो हातभर तुकडा खसाखसा पुसायला लागले.